आत्याच्या माजघरातला वड : चुन्याच्या भिंतीवरच्या चित्राच्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

बडोद्याच्या दांडिया बाजारात आत्याकडे जेवायला गेले होते. पानं उचलल्यावर तिने माजघरातली उत्तरेची भिंत दाखवली आणि म्हणाली, "इथे मला वड काढून दे. वटपौर्णिमेच्या आत."

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून कोपऱ्यावरच्या वडापर्यंत तिला जाता येत नाही. गेल्या वर्षी शेजारणीने प्रेमाने बाजारातून वडाची फांदी आणून दिली. आत्याने ती पुजली नाही. बादलीत पाणी घालून ठेवली, तरी तिसऱ्या दिवशी पानं गळली. "झाडाचं आयुष्य तोडून आणायचं आणि तुझ्या काकांचं मागायचं, हे मला जमत नाही गं," ती म्हणाली.

मी बडोद्यातच ललित कला शाखेत चित्रकला शिकले, त्याला आता पंचवीस वर्षं झाली. पण आजवर कागद आणि कॅनव्हास याखेरीज कशावर काम केलेलं नाही. भिंतीवर हे पहिलंच. जुन्या चुन्याच्या घरात असं काही करू पाहणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून रोजच्या रोज लिहून ठेवते आहे.

वटपौर्णिमा १० जूनला. शंभर दिवस हातात.

५ मार्च

भिंतीची मापं घेतली. रुंदी अकरा फूट, उंची आठ फूट. वीट आणि चुना, वरून चुन्याचाच गिलावा, त्यावर कित्येक वर्षांच्या सफेतीचे थर. डाव्या कोपऱ्यात खाली दोन फुटांपर्यंत लोणा (ओलीबरोबर भिंतीवर येणारा क्षार) आहे. पलीकडे न्हाणीघर, तिथला नळ झिरपतो. भिंतीच्या पुढे अडीच फुटांवर सागवानी खांब आहे, तळखड्यावर, म्हणजे पायाच्या दगडावर उभा, वर तुळईला टेकलेला. तो चित्राच्या आड येणार, म्हणून वहीत त्याच्यापुढे लिहिलं : "अडचण".

९ मार्च

पहिला आराखडा केला. नुसता वड काढण्यापेक्षा एक आख्खं निसर्गचित्र करावं असं मनात होतं. मागे पावागडचा डोंगर, मध्ये विश्वामित्री नदी आणि काठाने सहा झाडं : सावित्रीचा वड, दत्ताचा औदुंबर, दसऱ्याची शमी, फाल्गुनातला पळस, कृष्णाचा कदंब आणि तोरणाचा आंबा. प्रत्येक झाडाला त्याचा अर्थ, प्रत्येकाला सारखी जागा. आराखडा नेटका दिसत होता, मी खूश होते.

१४ मार्च, धुळवड

रस्त्यावर माणसं रंगलेली, मी भिंत रंगवते आहे. सुटीचा फायदा घेऊन सफेती खरवडली, अ‍ॅक्रिलिक पुट्टी आणि वर प्रायमरचे दोन हात दिले. दोन्ही मिळून ३,४०० रुपये. लोण्याच्या जागी वॉटरप्रूफ प्रायमर जाड लावला. संध्याकाळी भिंत कॅनव्हाससारखी पांढरी, गुळगुळीत झाली.

ही या कामातली सगळ्यात मोठी चूक. पुढे वाचा.

२१ मार्च

डाव्या कोपऱ्यात फोड आले आहेत. तळहाताएवढे पाच, लहान तर मोजवत नाहीत. एक नखाने फोडला तर आतून ओलसर पांढरी पूड निघाली. प्रायमरची पापडी रबरासारखी सोलून आली आणि तिच्याबरोबर गिलाव्याचा पापुद्राही.

२३ मार्च

गवंडीकाकांना बोलावलं. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, बोटाने दोन ठिकाणी टकटक केली आणि म्हणाले, "बेन, आ चूनानी भींत छे, एने श्वास लेवा दो."

झालं ते असं. चुन्याच्या भिंतीत ओल येते आणि जाते. अ‍ॅक्रिलिकचा थर म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी. ओल आत अडकली, तिच्याबरोबर आलेला क्षार थराच्या मागे साठला आणि त्याने थर ढकलून दिला. ओल थांबवायची असेल तर ती जिथून येते तिथे थांबवावी लागते. वरून झाकून ती थांबत नाही. मी नळ दुरुस्त न करताच भिंत रंगवायला घेतली होती.

आधी प्लंबर आला, नळ बदलला (तो खर्च काकांनी केला). मग गवंडी आणि एक मजूर मिळून तीन दिवस सगळं खरवडत होते. लोण्याचा गिलावा विटेपर्यंत काढला. नवीन गिलावा चुना आणि वाळूचाच. सिमेंट अजिबात नको, हे त्यांनीच बजावलं. मजुरी ४,८०० रुपये. नवीन गिलाव्याला निदान तीन आठवडे द्यायचे.

भिंत वाळते आहे तोवर तांबेकर वाडा पाहून आले. घरापासून चालत दहा मिनिटांवर असून कित्येक वर्षांत गेले नव्हते. गायकवाडांचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा वाडा, आणि आत एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं. कृष्णलीला, महाभारत, मराठे आणि इंग्रजांच्या लढाया. मी झाडं बघायला गेले होते, पण बघत राहिले ते चित्र घरात कसं बसवलंय ते. ती माणसं भिंतीला कोरा कागद समजत नव्हती.

३० मार्च, गुढीपाडवा

श्रीखंडाच्या वाट्या बाजूला सारून आत्याला आणि काकांना सहा झाडांचा आराखडा दाखवला. एकेका झाडाचा अर्थ सांगितला. आत्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सगळं खरं आहे. पण हा शाळेतला तक्ता झाला. यातल्या कुठल्या झाडापाशी मी हळदकुंकू वाहू?"

घरी येऊन आराखडा भिंतीला टेकवून ठेवला आणि बराच वेळ समोर बसले. तिचं बरोबर होतं. का बरोबर होतं, ते शोधायला मला रात्र लागली. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण जो कोणी निसर्गचित्रात झाडाला अर्थ द्यायला जाईल तो इथेच अडखळेल.

हिमाचलकडची जुनी पहाडी चित्रं आठवून पाहिली. कांग्र्याच्या चित्रात वाट पाहणाऱ्या नायिकेशेजारी फुललेलं झाड असतं आणि त्याला वेल बिलगलेली असते. आपण लगेच ओळखतो की हे मीलनाचं झाड आहे आणि ही एकटी आहे. ते झाड आंब्याचं आहे की आणखी कशाचं, याला तिथे फार महत्त्व नाही. वेल बिलगली आहे आणि बाई एकटी आहे, या दोन गोष्टींमधल्या अंतरात अर्थ आहे. जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिशने १८२२ मध्ये माळावर एकटा ओक काढला, शेंडा वाळलेला, खालच्या फांद्या हिरव्या. त्या ओकच्या बुंध्याला एक मेंढपाळ टेकून उभा आहे. इतका लहान की पटकन दिसत नाही. तो झाकून पाहा, झाड नुसतं झाड उरतं.

माझ्या सहा झाडांशी कोणी काहीच करत नव्हतं. कोणी टेकलं नव्हतं, सूत गुंडाळलं नव्हतं, सावलीत बसलं नव्हतं. अर्थ मी चिठ्ठ्यांसारखे चिकटवले होते.

त्यात एका मैत्रिणीने फोनवर सुचवलं की वडाच्या पारंब्या म्हणजे गीतेतला वर मूळ आणि खाली फांद्या असलेला वृक्ष, तसा काढ. पंधराव्या अध्यायातला तो वृक्ष अश्वत्थ आहे, म्हणजे पिंपळ. पारंब्यांमुळे वडाचा मोह होतो खरा, पण तो अर्थ वडावर लादू नये असं मला वाटतं. वडाचं स्वतःचं पुरेसं आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक मुलाला वडाचं फळ आणायला सांगतो, फोडायला लावतो, आतलं बी फोडायला लावतो आणि विचारतो, काय दिसतं? श्वेतकेतू म्हणतो, काही नाही. त्या काही-नाहीतूनच एवढा मोठा वड उभा आहे, असं बाप सांगतो. ही गोष्ट मला चित्रकार म्हणून फार आवडते. झाडाच्या मधोमध रिकामं ठेवायची परवानगी त्यात आहे.

पाच झाडं खोडली. वड राहिला.

६ एप्रिल, रामनवमी

कबीरवड पाहून आले. बडोद्याहून भरूच, तिथून शुक्लतीर्थाच्या बाजूला आणि मग नर्मदेत होडीने बेटावर. जाण्यायेण्याचा, जेवणाचा खर्च १,९५०. पैसे वाचवायचे असतील तर बडोद्यातल्या कमाटीबागेतल्या वडांवरही अभ्यास होतो, पण एवढं मोठं झाड बघितल्याशिवाय माझी चूक माझ्या लक्षात आली नसती.

सकाळी नऊ ते एक रेखाटनं केली. पहिल्या तासात एक गोष्ट ध्यानात आली की मी खोड शोधते आहे. मूळ खोड कुठे आहे हे तिथे कुणाला दाखवता येत नाही. पारंब्या जमिनीत उतरल्या, त्यांची खोडं झाली, त्यांना पुन्हा पारंब्या आल्या. अठराव्या शतकात जेम्स फोर्ब्स या कंपनीच्या अधिकाऱ्याने याच झाडाची नोंद करताना मोठी खोडं साडेतीनशे आणि लहान तीन हजारांवर असल्याचं लिहून ठेवलं आहे. यातलं पहिलं कोणतं, हे झाडाच्या दृष्टीने आता बिनमहत्त्वाचं आहे.

माझ्या सगळ्या रेखाटनांत मात्र मधे एक जाड खोड होतं आणि पारंब्या दोन्हीकडे झालरीसारख्या लोंबत होत्या. लहान मूल वड काढतं तसा. एक वाजेपर्यंत खोड न काढता वड काढायचा सराव केला. अवघड आहे. हात सवयीने मधे जातो.

आणखी एक नोंद, रंगासाठी. एप्रिलमधल्या वडाला नवी पालवी तांबूस असते आणि फळं लाल. वड म्हणजे गडद हिरवा, हे अर्धसत्य आहे.

१० एप्रिल

आत्याकडे खांबाला टेकून चहा पीत होते. आत्या समोरच्या भिंतीशी तिच्या खुर्चीत. ती म्हणाली, "तिथेच उभी राहा. आता तूच वडाखाली उभी असल्यासारखी दिसतेस."

मागच्या भिंतीवर मी कोळशाने नुसत्या पारंब्यांच्या उभ्या रेघा मारून ठेवल्या होत्या. आणि पुढे हा खांब. वहीतली ५ मार्चची नोंद काढली आणि "अडचण" खोडलं. भिंतीवर खोड काढायचंच नाही. खांब हेच खोड. भिंतीवर फांद्या, पारंब्या, पानं, लांबची नदी. खांबाच्या आणि भिंतीच्या मधे अडीच फूट मोकळं आहे, माणूस फिरू शकतं. सूत खांबाला गुंडाळता येईल.

आत्याला सांगितल्यावर ती काही बोलली नाही. काठी घेऊन उठली, खांबाभोवती एक फेरी मारून पाहिली आणि म्हणाली, "काठी मागे अडकते. तिथला पाट हलवा."

१३ ते १९ एप्रिल

चुन्याचे हात. काम सोपं, पण घाईने बिघडतं.

भिजवून मुरवलेला कळीचा चुना गवंडीकाकांनी मिळवून दिला. फडक्यातून दोनदा गाळला, दुधाएवढा पातळ केला. भिंत आधी पाण्याने भिजवायची, मग पातळ हात. लावताना पांढरं काही दिसत नाही, वाळल्यावर पांढरं होतं. हे ठाऊक नसलं की माणूस जाड लावतो आणि मग तडे जातात.

दुसरा हात दिल्यावर लवकर वाळावं म्हणून पंखा लावून गेले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर हात फिरवला तर तळवा पांढरा. भुकटी सुटत होती. चुना नुसता वाळून चालत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पुन्हा दगड होतो, आणि त्यासाठी त्याला ओलावा लागतो. बडोद्यात बाहेर ४१ अंश, त्यात पंखा, म्हणजे चुन्याला वेळच मिळाला नाही. भुकटी कोरड्या ब्रशने झाडली, पाणी फवारलं, तो हात पुन्हा दिला. नंतर दिवसातून तीनदा फवारणी आणि खिडकीला ओलं गोणपाट. दोन दिवस गेले.

चष्मा घाला. एक थेंब डोळ्यात गेला, पंधरा मिनिटं पाण्याने धूत होते, संध्याकाळपर्यंत लाल होता. हातमोजेही हवेत, माझ्या बोटांना चिरा पडल्या.

२४ एप्रिल

बाइंडर, म्हणजे रंगाची पूड भिंतीला बांधून ठेवणारा पदार्थ. अ‍ॅक्रिलिक बाद झाल्यावर दुधाचा, म्हणजे दुधातल्या केसीन या प्रथिनाचा पर्याय उरला. दुधाने रंग बांधणं आपल्याकडे नवं नाही. इथून शंभरेक किलोमीटरवर छोटा उदेपूरकडचे राठवा आदिवासी भिंतीवर पिठोरा देवाचं चित्र 'लिहितात', तेव्हा रंगात दूध आणि मोहाची दारू घालतात.

पहिला घाणा फसला. घरात होतं ते म्हशीचं साय असलेलं दूध वापरलं. चुना मिसळल्यावर वर तूप तरंगल्यासारखं झालं, रंग भिंतीवर चिकटला नाही आणि दुसऱ्या दिवशी माजघरात आंबूस वास. काकांनी उदबत्त्या लावल्या.

जमलेली कृती अशी : साय पूर्ण काढलेलं दोन लिटर दूध लिंबाने फाडायचं, पनीर फडक्यात तीनदा पाण्याने धुवायचं, घट्ट पिळायचं. पाच भाग पनीर, एक भाग मुरलेला चुना. घोटायला लागलं की काही मिनिटांत गुठळ्या विरघळून मधासारखं पारदर्शक होतं. ते बघताना आनंद होतो. मग तिप्पट पाणी. रंगाची पूड आदल्या रात्री पाण्यात भिजवून ठेवायची. काजळी पाण्यात भिजतच नाही, वर तरंगते. तिला आधी थोड्या स्पिरिटमध्ये कालवावं लागतं.

हे मिश्रण ज्या दिवशीचं त्याच दिवशी. सकाळी आठचं दुपारी चारला मी टाकून देत होते.

२७ एप्रिल

टोचणी. पूर्ण मापाचा आराखडा खाकी कागदावर होता, त्याच्या रेघांवर दाभणाने भोकं पाडली (दोन रात्री) आणि भिंतीला लावून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली. ठिपक्यांवरून पातळ कावेने (तांबड्या मातीच्या रंगाने) रेघा. मुख्य फांद्या झाल्या. संध्याकाळी पहिल्यांदा पानं घातली. मांडवीकडच्या बाजारातून "क्रोम ग्रीन" नावाची पूड ४८० रुपयांची आणली होती. चमकदार, भरदार हिरवा. वरच्या उजव्या भागात तीन फूट बाय दोन फूट पानं भरून झाली.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

पानं गंजली.

सकाळी आत्याचा फोन, "लवकर ये." हिरव्याचा तपकिरी झाला होता, मधे कुठे पिवळट डाग. आत्या खुर्चीत भिंतीकडे पाठ करून बसली होती. मी रंगाचं रसायन सांगू लागले तर म्हणाली, "ते तुझं तू बघ. या घरात वाळका वड मला दिसायला नको. आज तर नकोच."

मला वाईट वाटलं. चूक झाली त्याहून जास्त याचं की, पानांचा रंग बदलला तेवढ्याने तिला अंगावर आल्यासारखं झालं. गेले दोन महिने मी झाडाचा अर्थ कुठून येतो याचा विचार करते आहे, आणि काही न योजता, नुसत्या एका बिघडलेल्या पुडीने या भिंतीवर सगळ्यात स्पष्ट अर्थ उमटला. युरोपच्या निसर्गचित्रांत मोडका, वाळका वृक्ष मरणाची आठवण म्हणून मुद्दाम काढत. डच चित्रकार रुइसदालच्या कबरस्तानाच्या चित्रात तसाच पांढरा पडलेला बुंधा आहे. संग्रहालयात ते चित्र भव्य वाटेल. ज्या बाईला रोज त्याच्यासमोर बसून नवऱ्याला औषध द्यायचं आहे तिच्या घरात नाही.

कारण : "क्रोम ग्रीन" म्हणजे बहुतेकदा प्रशियन निळा आणि क्रोम पिवळा यांचं मिश्रण. प्रशियन निळा चुन्यात टिकत नाही. क्षारात तो फुटतो आणि मागे लोखंडाचा तपकिरी गंज उरतो. नावाने जवळचा पण वेगळा आहे तो "क्रोमियम ऑक्साइड ग्रीन", तो चुन्यात पक्का. चूक माझी, पूड घेण्याआधी चाचणी केली नव्हती. चाचणी अगदी साधी आहे : चिमूटभर पूड ओल्या चुन्यात कालवून काचेवर लावायची, झाकण लावून चार दिवस ठेवायची, शेजारी कोरडी पूड तुलनेला.

मग चाचणीला उतरलेले रंग : काव, पिवडी (पिवळी माती), हिरमुजी (गडद तांबडी माती), काजळी, अल्ट्रामरीन, हिरवी माती आणि क्रोमियम ऑक्साइड. एवढ्यात सगळं चित्र झालं. कमी रंगांचा फायदा झाला असंच म्हणेन, सगळं एकाच मातीतलं दिसतं.

गंजलेला भाग त्याच दिवशी खरवडून दुपारपर्यंत चुन्याचा हात देऊन टाकला, आत्याच्या डोळ्यांसमोर.

६ मे

अवकाळी वादळ, वीज गेली, हवेत दमटपणा. काम नाही. पण भिंतीला तो दमटपणा मानवला, नवा चुना छान घट्ट बसला.

११ मे

फांद्या पूर्ण, पारंब्या बऱ्याचशा. दारातून सुंदर दिसतं. सहज आत्याच्या खुर्चीत बसून पाहिलं आणि पोटात गोळा आला.

दोन चुका. पहिली : क्षितिज आणि नदी मी माझ्या डोळ्यांच्या उंचीला, पाच फूट एक इंचावर घेतली होती. खुर्चीतल्या आत्याचे डोळे तीन फूट आठ इंचांवर आहेत. तिला नदी डोक्यावरून वाहताना दिसत होती. दुसरी : खांब जिथे फांद्यांना मिळायला हवा तिथे तिच्या जागेवरून मिळतच नव्हता, एक हात डावीकडे सरकत होता. मी सगळी आखणी दारात उभी राहून केली होती.

चित्र कोणासाठी, हे मला माहीत होतं. ते कुठून पाहिलं जाणार, हे मी विचारलं नाही.

दुरुस्ती अशी केली. काका खुर्चीत बसले, मी दोरा घेतला. एक टोक त्यांच्या डोळ्यापाशी, दोरा खांबाच्या डाव्या कडेला लावून भिंतीपर्यंत ताणला, खूण केली. मग उजवी कड. नऊ इंचांचा खांब त्या जागेवरून भिंतीची साधारण साडेअकरा इंचांची पट्टी झाकतो. त्या पट्टीत काही काढायचं नाही, आणि तिच्या दोन्ही कडांना वरच्या फांद्या येऊन थांबायला हव्यात. क्षितिज सतरा इंच खाली आणलं. जुनी नदी चुन्याने बुजवली, तिथे आता पावागडची धूसर रेघ आहे. आठ दिवस गेले.

दारातून बघणाऱ्याला खांब आणि फांद्या आता जुळत नाहीत. ते तसंच राहू दे.

२५ मे

पानं भरणं चालू आहे. बाहेर ४२, आत कूलर बंद ठेवावा लागतो. सकाळी सहा ते दहा एवढंच काम.

मधे एकदा गायकवाडांच्या कीर्तिमंदिरात जाऊन बंगालचे चित्रकार नंदलाल बोस यांची १९३९ ते १९४६ या काळातली भित्तिचित्रं पुन्हा पाहिली, फक्त रेघ बघायला. परत येऊन माझी अर्धी पानं पुसली. मी पानोपान छाया-उजेड करत होते. एवढ्या मोठ्या भिंतीवर ते खोकल्यासारखं सतत टोचतं. आता पानांचे झुबके सपाट रंगात, वर कावेची एकच रेघ, आणि शेंड्यांना हिरमुजीची तांबूस पालवी. लाल फळं मोजून एकवीस.

काकांची इच्छा : बाळमुकुंद हवा. प्रलयाच्या पाण्यात वडाच्या पानावर पायाचा अंगठा तोंडात घालून पहुडलेला. ते म्हणाले, आपल्या गावाचं नावच वडाचं आहे, मग एवढं तर हवंच. त्यांचं खरं आहे. इ.स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात हे गाव वटपद्रक म्हणून येतं. मी दोनदा बाळ काढून पाहिलं. दोन्ही वेळा सगळं चित्र त्या बाळाचं झालं आणि वड मागे गेला. शेवटी नदीच्या पाण्यावर नुसतं एक पान ठेवलं, काठाकडे थोडं वळलेलं. काका म्हणाले, "येईल तो." मला हे चित्रातलं सगळ्यात आवडतं पान आहे.

५ जून

शेवटचे हात. खालच्या डाव्या भागात, जिथे लोणा होता, तिथे पुन्हा हलकी ओल दिसली म्हणून रंग न घालता नुसता ताजा चुना दिला. तिथे काही काढलं नाही. एक-दोन पावसाळे त्या कोपऱ्याचं वागणं बघायचं आणि मगच ठरवायचं.

खांबाला रंग लावायचा का, यावर दोन दिवस चर्चा. लावला नाही. तो आत्याच्या सासऱ्यांच्या वेळेपासून हातांनी गुळगुळीत झालेला आहे, कमरेच्या उंचीला तर काळाभोर चमकतो.

१० जून, वटपौर्णिमा

सकाळी नऊला पूजा. आत्याने हिरवी साडी नेसली होती. पाट हलवलेला होता. तिने एका हाताने काठी धरायची आणि दुसऱ्याने सूत सोडायचं, हे जमेना. मग काकांनी काठी घेऊन भिंतीला टेकवली आणि तिचा दंड धरला. सात फेऱ्या. चौथ्या फेरीला ती खांबाच्या मागे, भिंतीच्या आणि खांबाच्या मधे थांबली, वर पानांकडे बघितलं, दम घेतला, पुन्हा निघाली. सगळ्याला वीस मिनिटं लागली. मी खुर्चीत, म्हणजे तिच्या जागेवर बसून बघत होते. तिथून खांब आणि फांद्या बरोबर जुळतात.

गल्लीतल्या आणखी चौघी आल्या. त्यांनीही सूत गुंडाळलं.

१२ जून

हिशेब : पुट्टी-प्रायमर ३,४००, मजुरी ४,८००, चुना आणि वाळू १,१५०, रंग २,६३० (त्यातले ४८० वाया), दूध ९३०, ब्रश, कागद, फडकी १,४००, उंचावरच्या कामासाठी घोड्याचं (उभं राहायच्या लाकडी मचाणाचं) भाडं १,५४०, कबीरवड १,९५०. एकूण १७,८०० रुपये. चुकांचे दिवस निदान पंचवीस. पहिल्या दिवशी नळ दुरुस्त केला असता आणि आत्याच्या खुर्चीत बसले असते, तर यातले बरेचसे वाचले असते.

आज सूत सोडायला गेले, तर आत्याने सोडू दिलं नाही. पुढच्या वर्षीचं त्याच्यावरच गुंडाळू म्हणते. सुताला झुरळं लागू नयेत म्हणून खालच्या फेऱ्यांत कडुनिंबाची पानं खोचली आहेत.

खालच्या डाव्या कोपऱ्यात, ५ तारखेला चुना दिला तिथे, पूजेतली हळद उडाली होती. चुना अजून कच्चा आहे, त्यामुळे हळद तिथे लाल झाली. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तसंच. सात-आठ ठिपके आहेत, जमिनीपासून वीतभर उंचीवर. मी ओलं फडकं घेऊन पुसायला वाकले, तर आत्या खुर्चीतून म्हणाली, "राहू दे. एवढं मी काढलंय."